केळ्यांचं बिल आणि इंग्रजीची वही

इंग्रजीचं अडलंय कुठे? : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी सांगलीत कॉलेजच्या मुलांना डबे देते. शिक्षण बारावी, तेही मराठी माध्यमातून. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला असतो. तो सारखा म्हणतो, आई, रोज एक इंग्रजी बातमी वाच, आपोआप इंग्रजी येईल. त्याने मला एक जुनी बातमी पाठवली. अभिनेते राहुल बोस यांना चंडीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन केळ्यांचे ४४२ रुपये ५० पैसे लावले होते, ती. खाण्याचीच बातमी, त्यामुळे वाचायला मजा आली. पण बातमी संपेपर्यंत वहीत सत्तावीस शब्द जमले. मोबाइलवर एकेकाचा अर्थ बघून समोर लिहिला. आठवड्याने वही उघडली, तर 'लेव्हीड' म्हणजे काय नि 'एक्झम्प्ट' म्हणजे काय, काही म्हणता काही आठवेना. पुढच्या बातमीचंही तेच झालं. माझं वय पंचेचाळीस. वयामुळे डोक्यात राहत नसेल का?

दुसरं म्हणजे, आता माझ्याकडे परराज्यातली मुलंही डब्याची चौकशी करायला येतात. त्यांच्यासाठी इंग्रजी पाटी लिहिली आहे : 'अवर प्राइस इज व्हेरी चीप. डेली टू व्हेजिटेबल. डिलिव्हरी फ्री ऑफ कॉस्ट.' बरोबर आहे का?
(एक डबेवाली, सांगली)

उत्तर : ताई, वयाला मध्ये आणू नका. कुठल्या मुलाला कांदा-लसूण चालत नाही, कोण शनिवारी गावाला जातो, कोणाचे मागच्या महिन्याचे पैसे राहिलेत, हे तुम्हाला वही न उघडता सांगता येत असणार. तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. शब्द राहत नाहीत, कारण ते तुम्ही एकेकटे उचलून आणलेत. 'लेव्हीड – आकारला' एवढं लिहिलंत. कोणी आकारला, कशावर आकारला, हे सगळं तिकडे बातमीतच राहिलं.

म्हणून वही क्षणभर मिटा. ही बातमी आपण तुमच्या पद्धतीनं, म्हणजे हिशेबानं वाचू.

जुलै २०१९. बोस व्यायाम करून येतात आणि दोन केळी मागवतात. केळी येतात, पाठोपाठ बिल येतं. बिलावर केळ्यांना नाव काय, तर 'फ्रूट प्लॅटर'. किंमत ३७५ रुपये. खाली ९ टक्क्यांचे दोन कर, प्रत्येकी ३३ रुपये ७५ पैसे. बेरीज ४४२.५०. बोस यांनी त्याचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि फळं तुमच्या अस्तित्वाला अपायकारक नसतात असं कोण म्हणतं, असा खवचट प्रश्न विचारला. देशभर लोक ३७५ या आकड्यावर हसत-चिडत बसले. चंडीगडच्या उत्पादनशुल्क व कर खात्यानं मात्र त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पकडले खालचे साडेसदुसष्ट रुपये. ताज्या फळांवर जीएसटी नाही, मग तुम्ही तो घेतलातच कसा? हॉटेलला २५ हजारांचा दंड झाला.

आता बघा, एकाच बातमीत दोन वेगळी भांडणं आहेत. एक भावाचं, एक कराचं. एवढं लक्षात आलं की तुमचे सत्तावीस शब्द आपोआप दोन घरांत जाऊन बसतात. 'एक्झॉर्बिटंट', 'स्टीप', 'व्हॉपिंग', 'ओव्हरप्राइस्ड', 'शेल आउट' हे भावाच्या भांडणातले. त्यांत लोकांचा राग आहे. 'लेव्ही', 'एक्झम्प्ट' (करातून सूट असलेलं), 'शो-कॉज नोटीस' (कारणे दाखवा नोटीस), 'पेनल्टी' (दंड) हे कराच्या भांडणातले. हे सरकारी कागदावरचे शब्द, त्यांना राग-लोभ नाही. तुमच्या वहीत 'व्हॉपिंग' आणि 'एक्झम्प्ट' शेजारी-शेजारी बसले असतील, म्हणून दोघंही अनोळखी वाटतात.

आता कराच्या घरातलं एक वाक्य घ्या : 'द हॉटेल लेव्हीड जीएसटी ऑन फ्रेश फ्रूट.' यात 'ऑन' हा शब्द 'लेव्हीड'इतकाच महत्त्वाचा आहे. आपण 'फळांवर कर लावला' म्हणतो, इंग्रजीही 'वर'च म्हणतं. इथे सूत जुळतं. पण 'दोन केळ्यांचे ४४२ रुपये घेतले' याला इंग्रजीत 'चार्ज्ड हिम फोर हंड्रेड अँड फॉर्टी-टू रुपीज फॉर टू बनानाज.' आपल्या 'चे'च्या जागी 'फॉर' आला, 'ऑफ' नाही. आणि 'हॉटेलला दंड केला' हे मराठी डोक्यातून इंग्रजीत उतरताना हमखास 'फाइन्ड टू द हॉटेल' होऊन उतरतं. आपला 'ला' दिसला की हात 'टू'कडे जातोच. तिथे काहीही लागत नाही. 'दे फाइन्ड द हॉटेल.' बस. आणि कशासाठी दंड केला, तर पुन्हा 'फॉर' : 'फॉर चार्जिंग जीएसटी ऑन बनानाज.'

मी शाळेत शिकवत असताना मुलांच्या वह्या तपासायची, तेव्हा अवघड शब्दाला क्वचितच लाल शाई लागायची. लाल शाई सगळी या 'टू', 'फॉर', 'ऑन'वर सांडायची. तेव्हा तुमच्या वहीत आता 'लेव्ही – आकारणे' लिहायचं नाही. 'लेव्ही टॅक्स ऑन समथिंग', 'चार्ज समबडी मनी फॉर समथिंग', 'फाइन समबडी फॉर समथिंग' असं लिहायचं. शब्द त्याच्या गोतावळ्यासकट घरात आला की लवकर परतत नाही.

मथळ्याचं जरा वेगळं आहे. 'हॉटेल फाइन्ड ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड ओव्हर बनाना बिल' असा मथळा दिसला, तर पुष्कळ लोक 'हॉटेलनं कोणाला तरी पंचवीस हजार दंड केला' असं वाचतात. उलट आहे. इंग्रजी मथळ्यात 'वॉज' गाळतात. मूळ वाक्य 'हॉटेल वॉज फाइन्ड', म्हणजे दंड हॉटेलला बसला. मथळ्यात असा शब्द दिसला की आधी स्वतःला विचारायचं, केलं कोणी आणि भोगलं कोणी? तुमच्या बातमीत केळी कोणी खाल्ली, बिल कोणी लावलं आणि दंड कोणाला बसला, ही तीन माणसं वेगवेगळी आहेत का एकच, एवढं कळलं की मथळा कळला. आणि तो 'ओव्हर' म्हणजे 'वरून'. 'केळ्यांच्या बिलावरून दंड', 'पाण्यावरून भांडण' यातला 'वरून'. मथळ्यातला 'टू' भविष्य सांगतो. 'हॉटेल टू पे फाइन' म्हणजे हॉटेल दंड भरणार आहे, अजून भरलेला नाही.

आता भावाच्या घरातले शब्द. इथे तुमच्या मुलानं पाठवलेल्या बातमीनं तुम्हाला थोडं फसवलं आहे. वर्तमानपत्रातले सगळे शब्द तोंडी वापरायचे नसतात. 'व्हॉपिंग'चंच घ्या. आपल्या मराठी बातमीदारांचा 'तब्बल' असतो ना, तब्बल ४४२ रुपये, तब्बल पाच तास, तोच हा. आकड्याच्या आधी येतो आणि वाचणाऱ्याला डोळे मोठे करायला सांगतो. पण भाजीवालीसमोर तुम्ही 'अगं, मेथीला तब्बल चाळीस रुपये?' म्हणता का? नाही म्हणत. तसंच काउंटरवर उभं राहून कोणी 'व्हॉपिंग' म्हणत नाही. हा शब्द वाचण्यापुरता. त्याच्यापुढे वहीत डोळ्याचं चित्र काढा. बोलायच्या शब्दांपुढे तोंडाचं.

'स्टीप'पुढे दोन्ही काढा. स्टीप म्हणजे चढ असलेला, आणि आपणही 'चढा भाव' म्हणतोच. 'दॅट्स अ बिट स्टीप' हे दुकानात खुशाल म्हणा, सभ्य आहे, समोरच्याला लागत नाही. 'एक्झॉर्बिटंट' म्हणजे अवाच्या सवा. हा तक्रारअर्जात शोभतो. 'शेल आउट' हा आपल्या 'मोजावे लागले'चा भाऊ : पैसे गेले आणि जीवावर आलं, दोन्ही त्यात आहे. 'फ्लीस' म्हणजे मेंढीची लोकर उतरवणं, ग्राहकाच्या बाबतीत आपण म्हणतो 'कापलं'. 'पर्यटकांना कापतात' याला 'टूरिस्ट्स आर फ्लीस्ड.' 'रिप-ऑफ' म्हणजे शुद्ध लूट. हे तोंडी चालतं, पण दुकानदाराच्या तोंडावर म्हणालात तर भांडणाची तयारी ठेवा.

'एक्स्पेन्सिव्ह' आणि 'ओव्हरप्राइस्ड' यांत मात्र गल्लत नको. हापूस महाग असतो, तो 'एक्स्पेन्सिव्ह'. कर्नाटकाचा आंबा देवगडचा म्हणून पेटीत घालून तेवढ्याच भावाला गळ्यात मारला, तर तो 'ओव्हरप्राइस्ड'. म्हणजे लायकीपेक्षा जास्त भाव. हॉटेलवाल्यांचं म्हणणं हेच होतं की आमची केळी एक्स्पेन्सिव्ह असतील, ओव्हरप्राइस्ड नाहीत. त्यांची संघटना हॉटेलच्या बाजूनं उभी राहिली. हॉटेलात नुसतं केळं विकत नाहीत, त्याबरोबर बशी, काटे-चमचे, स्वच्छता, सेवा आणि 'अँबियन्स' देतात, रस्त्यावर दहा रुपयांना मिळणारी कॉफी मोठ्या हॉटेलात अडीचशेला मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद. 'अँबियन्स' म्हणजे तिथलं वातावरण, दिवे, गालिचा, हळू आवाजातलं संगीत. आपल्या भाषेत, बसायचे पैसे. मला विचाराल तर भावापुरतं त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण सोललेलंसुद्धा नाही असं केळं 'प्लॅटर' म्हणून वाढलं, की त्यांची बाजू जरा लंगडी पडते.

आता तुमची पाटी. 'चीप' काढून टाका. एक तर 'प्राइस' चीप नसते, वस्तू चीप असते. प्राइस 'लो' असते किंवा 'रीझनेबल' असते. आणि 'चीप'ला हलक्या मालाचा वास येतो. स्वतःच्या स्वयंपाकाला तो कशाला लावून घेता? 'व्हेजिटेबल' म्हणजे पिशवीतली भाजी, शिजलेली नव्हे. परराज्यातल्या मुलांना 'सब्जी' नीट कळतं आणि इंग्रजी पाटीवर ते चालतं. 'फ्री ऑफ कॉस्ट' चुकीचं नाही, लांब आहे. अशी लिहा :

'होम-स्टाइल व्हेज मील्स. एटी रुपीज अ मील. थ्री चपातीज, टू सब्जीज, दाल, राइस. नो डिलिव्हरी चार्ज.'

ऐंशीच्या जागी तुमचा आकडा घाला. 'अ मील' म्हणजे 'दर डब्याला', वेगळं 'पर वन टिफिन' लिहायची गरज नाही. सणावाराला गोड देत असाल तर 'कॉम्प्लिमेंटरी स्वीट ऑन फेस्टिव्हल्स' असं खाली टाका. म्हणजे आमच्याकडून भेट. फक्त स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'आय' येतो. तिथे 'ई' पडला तर अर्थ 'पूरक' होतो. मुलं हसतील, जेवतील मात्र.

राहता राहिलं रोजच्या बातमीचं. मुलाला सांगा, आज केळी, उद्या क्रिकेट, परवा उपग्रह असं पाठवू नकोस. महिनाभर फक्त खाण्याच्या भावाच्या बातम्या पाठव. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तेव्हा पॉपकॉर्नवर देशभर चर्चा झाली. सुटे खारे पॉपकॉर्न ५ टक्के, तेच पाकीटबंद १२ टक्के, कॅरमल लावलेले १८ टक्के, असा खुलासा तेव्हा झाला होता. ती बातमी शोधा. तिच्यात 'लेव्ही' पुन्हा भेटेल, 'एक्झम्प्ट' पुन्हा भेटेल, आणि एक नवा भेटेल : 'कॅरमल पॉपकॉर्न अ‍ॅट्रॅक्ट्स एटीन परसेंट जीएसटी.' कर 'लागतो' याला इंग्रजी 'अ‍ॅट्रॅक्ट' म्हणतं. जणू पॉपकॉर्न स्वतःच कराला डोळा मारतंय. जुने दोन ओळखीचे आणि नवा एक, या हिशेबानं वही भरा. सत्तावीसच्या सत्तावीस एका बैठकीत उतरवायचा सोस नको.

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. बी.ए. झालोय, मोबाइलवर बाजाराच्या इंग्रजी बातम्या वाचतो. दिल्लीत कांदा साठ रुपये झाला की इंग्रजीत 'प्राइसेस ब्रिंग टिअर्स' अशा बातम्या. आमच्याकडे दोन रुपयांनी गेला तर चार ओळी. महागाईचे इंग्रजी शब्द सगळेच शिकवतात. आमच्या बाजूचे शब्द कोण शिकवणार?
(एक वाचक, निफाड)

उत्तर : दादा, तुमचा टोमणा रास्त आहे. ते 'टिअर्स' नेहमी खाणाऱ्याच्या डोळ्यातले असतात.

तुमच्या बाजूचा पहिला शब्द 'फेच'. शाळेत 'फेच वॉटर' म्हणजे पाणी आण, एवढंच शिकवतात. बाजारात त्याचा अर्थ 'भाव मिळणे'. 'द अनियन्स फेच्ड ओन्ली वन रुपी अ किलो.' इथे कर्ता कांदा आहे, शेतकरी नाही. कांद्यानं भाव आणला, असं इंग्रजी म्हणतं. 'आय गॉट' म्हणण्यापेक्षा हे बाजारी इंग्रजी जास्त अस्सल.

फेब्रुवारी २०२३ मधली बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याची बातमी तुम्ही विसरला नसाल. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी इंग्रजीत शोधून वाचा, तुमचा सगळा शब्दसंग्रह त्या एका बातमीत आहे. 'डिडक्शन्स' म्हणजे ही कपात. 'नेट' म्हणजे सगळं वजा जाता उरलेलं. 'पोस्ट-डेटेड चेक' म्हणजे पुढच्या तारखेचा. 'ग्लट' म्हणजे आवक इतकी की माल कोणी विचारीना. 'डिस्ट्रेस सेल' म्हणजे पडेल भावात, नाइलाजानं केलेली विक्री. भाव पडण्याच्याही पायऱ्या आहेत : 'ईझ' म्हणजे थोडे नरमले, 'स्लाइड' म्हणजे घसरत राहिले, 'क्रॅश' म्हणजे कोसळले. एक गंमत लक्षात ठेवा. 'प्राइसेस ईझ' हा शहरातल्या बातमीतला दिलासा आहे. 'ईझ'मध्ये आराम आहे, पण आराम ग्राहकाचा. तीच बातमी निफाडला लिहिली तर 'स्लाइड' लिहावी लागेल.

मग निर्यातीचे शब्द. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. 'इम्पोज्ड अ ड्यूटी ऑन अनियन एक्स्पोर्ट्स.' इथेही 'ऑन'च, आणि 'ड्यूटी' म्हणजे नोकरीची पाळी नव्हे, शुल्क. चिडलेले व्यापारी लिलाव बंद करून बसले, 'ऑक्शन्स हॉल्टेड.' त्याच डिसेंबरात निर्यातीवर 'बॅन' आला, मे २०२४ मध्ये तो 'लिफ्ट' केला, म्हणजे उठवला. आपण उठवतो, तेही उचलतात. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आणलं, 'हाव्ह्ड'. १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं, 'स्क्रॅप्ड' किंवा 'विथड्रॉन'. दीड-पावणेदोन वर्षांची ही एकच गोष्ट आहे. तिच्या तारखा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या पाठ असणार, तेव्हा क्रमानं एकेक बातमी वाचा. काय झालं ते आधीच माहीत असल्यामुळे कोशाची गरज फार पडणार नाही.

प्रश्न : बाई, मी नांदेडचा, बी.कॉम.ला आहे. स्टेशनवर पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त घेतात. तक्रार इंग्रजीत लिहायची तर कशी?
(एक विद्यार्थी)

उत्तर : भांडायचं असेल तर तिथल्या तिथे मराठी-हिंदीत भांडा, जास्त उपयोग होतो. लेखी तक्रारीसाठी मात्र एक शब्द पुरेसा आहे : 'ओव्हरचार्ज'. रेल नीरची लिटरची बाटली वर्षानुवर्षं १५ रुपयांना होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती १४ झाली. तुमच्याकडून वीस घेतले असतील तर लिहा, 'द व्हेंडर ऑन प्लॅटफॉर्म टू ओव्हरचार्ज्ड मी बाय सिक्स रुपीज.' 'सहा रुपयांनी' यातला 'नी' म्हणजे 'बाय'. गाडीचा नंबर, वेळ आणि बाटलीचा फोटो जोडा, वर्णनाचा पाल्हाळ नको. रेल्वेचा १३९ हा नंबर आहेच, तिथे इंग्रजीचीही गरज नाही.

बाटलीवर 'एमआरपी'च्या पुढे 'इन्क्लुझिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस' छापलेलं असतं : सगळे कर धरून. म्हणजे वर कर मागता येत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हल्ली 'यूएसपी' दिसेल. बी.कॉम.च्या पुस्तकातला त्याचा अर्थ, 'युनिक सेलिंग प्रपोझिशन', इथे लावू नका. इथे तो 'युनिट सेल प्राइस', म्हणजे ग्रॅममागे किती पैसे पडले ते. पुडा छोटा करून भाव तोच ठेवला, तर चोरी इथे सापडते.

आणि हा एमआरपीचा नियम हॉटेलात दाखवायला जाऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दरानं देता येतं. तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसून सेवा घेता. वरच्या ताईंच्या उत्तरातला 'अँबियन्स' इथेही आलाच.

प्रश्न : सेवानिवृत्त आहे. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करण्याचा माझा नेम आहे. तुम्ही त्याच्या विरुद्ध का?
(एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : नेमाच्या विरुद्ध नाही काका, दहाच्या विरुद्ध आहे. त्या दहांतला एक घ्या आणि आज घरातल्या एखाद्या बिलावर वापरून बघा. गॅसचं, दुधाचं, औषधाचं, कुठलंही चालेल.

प्रश्न : बाई, मी पहिल्यांदाच विमानानं मुलीकडे चेन्नईला चालले आहे. विमानतळावर चहाचा भाव ऐकून लोक म्हणे गप्प बसून पैसे देतात, कारण 'नको' म्हणायची लाज वाटते. इंग्रजीत सभ्यपणे 'नको' कसं म्हणायचं?
(एक आजी, ठाणे)

उत्तर : आजी, लाज वाटायचं कारण नाही. देशाचे माजी अर्थमंत्रीसुद्धा 'नको' म्हणाले आहेत, आणि तेही तुम्ही निघालात त्याच चेन्नईच्या विमानतळावर. मार्च २०१८ मध्ये पी. चिदंबरम यांनी तिथे चहा मागितला. गरम पाणी आणि चहाची पुडी, १३५ रुपये. त्यांनी ट्विटरवर लिहिलं, 'हॉरिफाइड, आय डिक्लाइन्ड.' हबकलो आणि नाही म्हटलं. पुढे विचारलं, माझं बरोबर का चूक? कॉफी १८० रुपये होती. ती घेतं कोण, असं त्यांनी विचारल्यावर 'पुष्कळ जण' असं उत्तर मिळालं. तेव्हा मीच 'आउटडेटेड' झालो का, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

तीन शब्दांचं ते वाक्य फार देखणं आहे. 'डिक्लाइन' म्हणजे आदबीनं नाकारणं. 'रिफ्यूज'मध्ये थोडा ताठरपणा येतो. आमंत्रणाला, आग्रहाला, चहाला 'डिक्लाइन'. पण हे वाक्य घरी येऊन सांगायचं. काउंटरवर म्हणायचं, 'ओ, दॅट्स अ बिट मच. नो, थँक यू.' आणि हसून बाजूला व्हायचं. 'सॉरी' म्हणू नका, तुम्ही काही केलेलं नाही. आणि भाव आधी विचारायचा : 'हाउ मच इज द टी?' घोट घेतल्यावर विचारून उपयोग नसतो.

चहाशिवाय चालतच नसेल तर 'उडान यात्री कॅफे' कुठे आहे ते विचारा. विमानतळावरच्या भावांबद्दल फार ओरड झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला पहिला सुरू झाला. चहा दहा रुपये, पाणी दहा रुपये, समोसा वीस. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत चेन्नईलाही झाला, म्हणजे परतताना तुमची सोय आहे. त्याच्या बातम्यांत 'अफोर्डेबल' हा शब्द ओळीओळीला भेटेल : परवडणारा.

जाताना रिकामी बाटली बरोबर ठेवा, सुरक्षा तपासणीत ती अडवत नाहीत. आत गेल्यावर गणवेशातल्या कोणालाही विचारा, 'व्हेअर कॅन आय फिल धिस बॉटल?' पिण्याच्या पाण्याचे नळ आत असतात, त्यांचं बिल येत नाही.